कागदावरचे गुलाब
चिनी मातीवर रंगकाम करणाऱ्या कलावंतांची जुनी जलरंगातील स्थिरचित्रे: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमची पेढी लहान आहे. जुन्या कागदी चित्रांना चौकट बसवणे, आधीची चौकट खराब झाली असल्यास चित्र सुखरूप बाहेर काढणे आणि ते पुढे कसे जपावे हे ग्राहकांना समजावून सांगणे, एवढेच काम आम्ही करतो. लॉस एंजेलिसच्या परिसरात राहणारी मराठी कुटुंबे इस्टेट सेलमधून, म्हणजे घर रिकामे करताना त्यातले सामान जागेवरच विकले जाते तिथून, आणलेली चित्रे आमच्याकडे घेऊन येतात. त्यांत गुलाबांची जलरंगातील स्थिरचित्रे इतक्या वेळा असतात की तीच माहिती प्रत्येकाला तोंडी सांगण्याऐवजी मराठीत लिहून हाती द्यावी, असे आम्हांला वाटले.

ही चित्रे काढणाऱ्यांपैकी पुष्कळांची खरी ओळख कागदावरच्या कामासाठी नव्हती, ती चिनी मातीवरच्या कामासाठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी अमेरिकेत कोऱ्या पांढऱ्या भांड्यांवर चित्रे रंगवून ती भट्टीत भाजण्याचे मोठे वेड होते. कोरी भांडी बहुतांशी युरोपातून, विशेषतः फ्रान्समधील लिमोजहून येत. रंगवणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांना शिकवणारे शिक्षक गावोगावी वर्ग घेत. या शिक्षकांत ज्यांचे नाव आजही चित्रबाजारात आदराने घेतले जाते, ते फ्रान्झ बिशॉफ.

बिशॉफ यांचा जन्म १८६४ साली बोहेमियातील स्टाइनश्योनाऊ येथे झाला. आज चेक प्रजासत्ताकात असलेले हे गाव काचकामासाठी प्रसिद्ध आहे. लहान वयातच हस्तकलेचे शिक्षण सुरू करून पुढे ते व्हिएन्नाला गेले आणि तिथे चित्रकला, संकल्पन आणि चिनी मातीवरील सजावट शिकले. १८८५ मध्ये ते अमेरिकेत आले, न्यूयॉर्कमधील एका कारखान्यात भांडी रंगवू लागले, आणि पिट्सबर्ग, ओहायोतील फॉस्टोरिया असे मुक्काम करत डेट्रॉइटला पोहोचले. तिथे त्यांनी सिरॅमिक कलेची स्वतःची शाळा काढली, भांड्यांवरचे रंग स्वतः तयार केले, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात भाग घेतला. ‘गुलाबचित्रकारांचा राजा’ हे बिरुद त्यांना चिकटले ते याच कामामुळे. १९०६ मध्ये कुटुंबासह ते कॅलिफोर्नियात आले आणि १९०८ च्या सुमारास साउथ पासाडेनात आरोयो सेको या ओढ्याकाठी त्यांनी घर बांधायला घेतले, ज्यात चित्रांचे दालन, चित्रकाराची खोली आणि सिरॅमिकची कार्यशाळा अशा तिन्ही सोयी होत्या. इथला उजेड आणि इथले डोंगर पाहिल्यावर ते निसर्गचित्रांकडे वळले. १९२९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा कॅलिफोर्नियाचे निसर्गचित्रकार म्हणूनही त्यांची गणना होत होती. फुले मात्र त्यांनी सोडली नाहीत.

आता चित्राकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरीसाठी वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटसाठी स्थिरचित्र काढलेले असेल: घडा, कांदा, पडद्याची चुणी, एका बाजूने येणारा उजेड आणि त्याची टेबलावर पडलेली सावली. ती शिस्त डोळ्यांपुढे ठेवून पाहणाऱ्याला या गुलाबांच्या चित्रांत पहिल्यांदा काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. टेबलाची कड दिसत नाही. भांडे असलेच तर अर्धे धुक्यात असते. समोरची दोन-तीन फुले ठसठशीत, आणि मागची फुले व पाने हळूहळू पार्श्वभूमीत विरत गेलेली, इतकी की काही पाने म्हणजे नुसती करड्या-हिरव्या रंगाची छाया असते. हा निष्काळजीपणा किंवा अपुरेपणा नसून फुलदाणीच्या गोलाईवर काम करून करून हाताला लागलेले वळण आहे. फुलदाणीला कडा नसतात. तिच्यावरचे चित्र चौकटीत थांबत नाही, ते वळत वळत नजरेआड जाते, म्हणून त्याचा शेवट विरवत न्यावा लागतो. कागद सपाट असला तरी हात तेच करत राहतो.

दुसरे साम्य पांढऱ्या रंगाचे. भांड्यावर रंगकाम करणारा झिलईदार पांढऱ्या पृष्ठभागावर खनिज रंगांची पूड तेलात कालवून लावतो. त्या पुडीत काचेसारखा वितळणारा अंश मिसळलेला असतो, आणि भांडे सुमारे ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजले की रंग झिलईत मुरून पक्का होतो. प्रकाशाचा ठिपका हवा असेल तिथे तो पांढरा रंग सहसा लावत नाही. ओला रंग कोरड्या ब्रशने किंवा कापसाने टिपून काढतो आणि खालचा पांढरा उघडा करतो. पारदर्शक जलरंगाचा नियमही हाच आहे, कारण तिथे पांढरा म्हणजे कागदच. म्हणून भट्टीवर काम करणारा कलावंत जलरंगाकडे वळला की त्याला नवे शिकावे लागते त्याहून विसरावे फार थोडे लागते.

भिंग घेऊन एकच पाकळी पाहावी. सपाट ब्रशच्या एका कोपऱ्यावर गडद आणि दुसऱ्यावर फिका रंग घेऊन मनगटाच्या एका वळणात ती ओढलेली असते. बाहेरची कड फिकी, आत देठाकडे रंग दाटलेला, आणि पाकळीच्या दुमडीवर नखाएवढी जागा ओलसर ब्रशने उचललेली. अशा उचललेल्या जागेवर कागदाचा पोत किंचित खरबरीत झालेला दिसतो, कारण तिथले तंतू उठलेले असतात. चांगल्या हाताच्या कामात ही जागा पाकळीच्या वळणाला धरून असते. नकल करणाऱ्याने ती कुठेही ठेवलेली असते, आणि आमच्या मते सहीपेक्षा हीच खूण अधिक बोलकी आहे.

नकलेचा प्रश्न या चित्रांबाबत नेहमीच येतो, आणि त्यात फसवणुकीचा भाग थोडाच आहे. शिक्षक विद्यार्थ्यांसाठी कागदावर जलरंगात नमुने काढत, विद्यार्थी ते आधी कागदावर आणि मग भांड्यावर उतरवत. शिवाय १८९९ मध्ये सुरू झालेल्या ‘केरामिक स्टुडिओ’सारख्या मासिकांतून असे नमुने रंगीत छापूनही येत. त्यामुळे आपल्या हाती आलेले चित्र नामांकित कलावंताचे असू शकते, त्याच्या एखाद्या विद्यार्थिनीचे असू शकते, किंवा मासिकातून कापून चौकटीत बसवलेला छापील कागदही असू शकतो. छापील कागद ओळखणे त्या मानाने सोपे आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याचे रंग ठिपक्यांत फुटतात. हे ठिपके जुन्या शिळाछापात अनियमित आणि नंतरच्या छपाईत रांगेत असतात. खऱ्या जलरंगात ठिपके नसतात. रंग कागदाच्या खळग्यांत उतरलेला दिसतो, आणि ओला फटकारा वाळताना त्याच्या काठाशी गडद रेष जमलेली असते. विद्यार्थिनीचे काम आणि गुरूचे काम वेगळे करणे याहून अवघड आहे. नुसत्या सहीवर विसंबून मोठी रक्कम देऊ नये, आणि आम्ही चौकटीचे काम करणारे असल्याने कोणतेही चित्र कोणी काढले याचा दाखला देत नाही. त्यासाठी त्या कलावंताच्या कामाचा अभ्यास असलेल्या जाणकाराकडे जावे. ‘विंटेज’ हा शब्द विक्रेते फार सैलपणे वापरतात, तेव्हा त्यावरूनही वयाचा अंदाज बांधू नये.

या पत्रकाचा खरा विषय पुढेच आहे. एकाच कलावंताने एकाच दशकात फुलदाणीवर काढलेला गुलाब आणि कागदावर काढलेला गुलाब आज शेजारी ठेवले, तर फुलदाणीवरचा बहुधा कालच काढल्यासारखा दिसतो आणि कागदावरचा विटलेला असतो. भांड्यावरचा उत्तम गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होतो आणि भट्टीत काचेमध्ये बंदिस्त होतो, म्हणून उजेडाने त्याला काही होत नाही. जलरंगातील त्या काळचे गुलाबी आणि किरमिजी रंग मात्र वेगळ्या जातीचे होते: काही कोचिनील किड्यापासून केलेले, काही आपल्याकडच्या मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर या वनस्पतीच्या मुळापासून, काही तिच्यातले अलिझरिन हे द्रव्य १८६८ नंतर कृत्रिमरीत्या बनवता येऊ लागल्यावर तयार झालेले. यांपैकी किड्यापासूनचा रंग उजेडात सर्वांत लवकर उडतो, मॅडर बराच टिकतो, पण पुरता निर्धास्त कोणताच नाही. ही गोष्ट त्या काळीही ठाऊक होती. रसेल आणि अॅबनी या इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा सविस्तर अहवाल १८८८ मध्येच सादर केला होता. चित्रकारांनी तो किती मनावर घेतला, हे आमच्या टेबलावर येणाऱ्या चित्रांवरून दिसतेच.

मागे एका ग्राहकांनी असेच एक चित्र आणले होते. त्यावर कोणा नामांकित व्यक्तीची सही नव्हती, पण हात सराईत होता. चौकट उघडून जुना माउंट, म्हणजे काचेमागे चित्राच्या कडा झाकणारा कापलेला पुठ्ठा, उचलला, तेव्हा त्याच्याखाली झाकल्या गेलेल्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी निघाली आणि तिच्यातली अर्धी पाकळी गर्द गुलाबी होती. तिचाच उरलेला अर्धा भाग काचेमागे उघडा राहून फिकट पिवळसर करडा झाला होता. ग्राहक तोवर त्या चित्राला ‘पांढरे गुलाब’ म्हणत होते.

उडालेला रंग परत आणता येत नाही, आणि वरून नवा रंग भरून घेण्याचा सल्ला आम्ही कधीच देणार नाही. उरलेला रंग राखणे तेवढे आपल्या हाती आहे. संग्रहालये जलरंगातील चित्रांवर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतकाच उजेड पडू देतात, जो घरातल्या खिडकीजवळच्या उजेडाच्या मानाने फारच मंद असतो. उजेडाचे नुकसान साठत जाते, म्हणजे तीव्र उजेड थोडा वेळ किंवा मंद उजेड पुष्कळ वेळ, दोहोंचा हिशेब एकाच खात्यात पडतो. म्हणून चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर न लावता खिडकी असलेल्या भिंतीवरच लावावे, किंवा आतल्या बोळात लावावे, आणि वर्षातून काही महिने ते उतरवून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवावे. अतिनील किरण अडवणारी काच आम्ही बसवून देतो, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही.

काच चित्राला टेकता कामा नये. टेकली तर दमट हवेत तिच्या आतल्या बाजूस पाणी धरते, रंग काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. जाड माउंट किंवा काठाशी पातळ पट्टी घालून दोहोंत अंतर ठेवता येते. जुन्या चौकटींत मागे लाकडाच्या लगद्याचा साधा पुठ्ठा असतो, त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो, आणि माउंटच्या कापलेल्या कडेलगत चित्रावर एक तपकिरी रेघ उमटते. तो पुठ्ठा आणि माउंट दोन्ही बदलून आम्लरहित घालावेत. चित्र माउंटला अडकवण्यासाठी आम्ही जपानी कागदाच्या लहान पट्ट्या आणि गव्हाच्या पिठाची खळ वापरतो, कारण ती पाण्याने सोडवता येते. सेलोटेप सोडवता येत नाही, आणि काही वर्षांनी त्याचा पिवळा डाग कागदात उतरतो तो कायमचाच.

कॅलिफोर्नियाची कोरडी हवा अशा कागदाला मानवते. मुंबईचा आणि कोकणाचा पावसाळा मानवत नाही. आई-वडिलांच्या घरी किंवा पुण्याच्या फ्लॅटवर लावण्यासाठी चित्र नेणार असाल, तर सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास बुरशी धरण्याची भीती असते हे लक्षात ठेवावे, बाहेरच्या भिंतीवर आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर चित्र लावू नये, आणि चौकटीच्या मागे कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे लावून भिंतीशी हवा खेळती ठेवावी. कागदाची खळ कसरीलाही आवडते, म्हणून पावसाळा संपल्यावर चित्र उतरवून मागची बाजू पाहावी. खरेदीची पावती आणि भारतात आणल्याची कागदपत्रेही जपून ठेवावीत, कारण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र भारताबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत आणि उद्या ते परत अमेरिकेत आणायचे झाल्यास कागदांची गरज पडू शकते.

आमच्याकडे चित्र आणताना ते आहे त्या चौकटीतच, काच वर ठेवून, आडवे आणावे. काच फुटली असेल तर तुकडे स्वतः काढू नयेत आणि चित्रावर हात फिरवू नये. या रंगांत पाणी पडताच सुटणारे रंग असतात, तेव्हा ओल्या फडक्याने पुसण्याचा मोहही टाळावा. चौकटीमागचा मळका कागद, दुकानाची जुनी चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव किंवा साल, यांतले काहीही फेकून देऊ नये. ते आम्ही वेगळे काढून पारदर्शक पाकिटात घालतो आणि नव्या चौकटीच्या पाठीला लावून देतो; त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.