बॅप्टिस्ट मंडळी

बॅप्टिस्ट मंडळी : प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील एक परंपरा. ज्याने स्वतः समजून-उमजून येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवला त्यालाच बाप्तिस्मा द्यावा आणि तो पाण्यात पूर्ण बुडवून द्यावा, हा या परंपरेचा मुख्य आग्रह. सतराव्या शतकाच्या आरंभी, छळाला कंटाळून ॲमस्टरडॅमला गेलेल्या इंग्रज निर्वासितांमध्ये तिचा उगम झाला. मराठी वाचकाला तिची ओळख बहुधा दोन नावांमुळे असते : अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे), जे बॅप्टिस्ट पाळक होते, आणि मराठीचे व्याकरण व कोश छापणारे बंगालमधील श्रीरामपूरचे विल्यम कॅरी.

‘बाप्तिस्मा’ हा मराठी बायबलमधला शब्द मूळ ग्रीक. त्या ग्रीक क्रियापदाचा अर्थच बुडवणे, पाण्याखाली नेणे असा आहे. मराठीने त्याचे भाषांतर न करता तो तसाच उचलला, त्यामुळे शिंपडणे की बुडवणे हा वाद शब्दात दिसत नाही. बॅप्टिस्टांना मात्र त्या अर्थाचे मोल फार. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे म्हणतो. माणूस पाण्याखाली जातो आणि वर येतो, तेव्हा हे पुरणे आणि उठणे डोळ्यांना दिसते. कपाळावर शिंपडलेल्या थेंबांत ते दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे.

पद्धतीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आहे तो बाप्तिस्मा कोणाला द्यायचा याचा. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल अशा बहुतेक जुन्या परंपरांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. आईवडील आणि मंडळी त्याच्या वतीने विश्वासाची ग्वाही देतात. बॅप्टिस्ट इथेच थांबतात. कोणी कोणाच्या वतीने विश्वास ठेवू शकत नाही, आईसुद्धा नाही. विश्वास वारशाने मिळत नाही, म्हणून बॅप्टिस्ट घरात जन्मलेले मूलही जन्माने बॅप्टिस्ट नसते. आईवडील त्याला उपासनेत घेऊन येतात, पाळक प्रार्थना करून त्याचे समर्पण करतात, आणि पुढे ते मूल मोठे होऊन स्वतः काय ठरवते याची वाट पाहिली जाते. जन्मावरून सगळे ठरणाऱ्या आपल्या समाजात या एका मुद्द्याचे वजन किती आहे, ते वेगळे सांगायला नको.

बाकीच्या शिकवणुकीचे धागे इथूनच निघतात. विश्वास प्रत्येकाचा स्वतःचा असेल तर मंडळी म्हणजे विश्वासी माणसांनी स्वेच्छेने एकत्र येणे. ती गावाची किंवा राज्याची आपोआप होत नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. तिच्यावर बिशप नसतो. पाळकाची निवड सभासद करतात, हिशेब सभासदांपुढे येतो, आणि कारभारात मदतीला सेवक (डीकन) नेमले जातात. मंडळ्या एकत्र येऊन संघ करतात, पण संघाचा हुकूम मंडळीवर चालत नाही. धर्मश्रद्धेचा अंतिम आधार पवित्र शास्त्र. जाहीरनामे अनेक निघाले, तरी कोणताही जाहीरनामा शास्त्राच्या बरोबरीचा मानत नाहीत. पाळायचे विधी दोनच : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. विधी केल्याने कृपा मिळते असे न मानल्यामुळे बॅप्टिस्ट ‘संस्कार’ हा शब्द सहसा टाळतात. प्रभूने आज्ञा दिली म्हणून पाळायचे, इतकेच. प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षरस ही ख्रिस्ताच्या मरणाची आठवण आहे. तारण मात्र कर्मांनी नव्हे, तर कृपेने आणि विश्वासाने, ही शिकवण इतर प्रॉटेस्टंटांसारखीच.

उगम : इंग्लंडच्या राजसत्तेने ठरवलेल्या चर्चबाहेर उपासना करणे तेव्हा गुन्हा होता. जॉन स्मिथ आणि टॉमस हेल्विस हे दोघे अनुयायांसह ॲमस्टरडॅमला गेले. १६०९ मध्ये स्मिथने आधी स्वतःला आणि मग इतरांना बाप्तिस्मा दिला. तो बहुधा पाणी ओतून दिलेला होता. बुडवण्याची पद्धत लंडनच्या मंडळ्यांनी १६४०च्या सुमारास स्वीकारली आणि १६४४च्या जाहीरनाम्यात ती लेखी आली. स्मिथ पुढे वेगळ्या वाटेने गेला. हेल्विस मात्र मूठभर माणसांसह इंग्लंडला परतला आणि लंडनजवळ स्पिटलफील्ड्स येथे त्याने इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. १६१२ मध्ये त्याने एक पुस्तक छापले. पाखंडी असोत, तुर्क असोत की यहुदी, माणसाच्या देवाशी असलेल्या नात्याबद्दल शिक्षा करण्याचा राजाला अधिकार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ‘तुर्क’ म्हणजे मुसलमान. आपल्यापुरते स्वातंत्र्य तर सगळेच मागतात. हेल्विसने ते परधर्मीयांसाठीही मागितले. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले गेले आणि १६१६च्या सुमारास तो मरण पावला.

अमेरिकेत रॉजर विल्यम्सने मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झाल्यावर १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे बॅप्टिस्ट मंडळी स्थापन झाली. धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्यामधील ‘भिंत’ हा अध्यक्ष जेफरसन यांचा प्रसिद्ध शब्द १८०२ मधला, आणि तो कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बॅप्टिस्टांच्या पत्राला दिलेल्या उत्तरात आला आहे. याच परंपरेने स्वतःच्या तत्त्वाला हरताळही फासला. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावे की नाही या वादावरून १८४५ मध्ये दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी वेगळी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन काढली. गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याची तिने जाहीर क्षमा मागितली ती १९९५ मध्ये. दुसरीकडे गुलामांच्या स्वतःच्या बॅप्टिस्ट मंडळ्या वाढत गेल्या आणि किंग यांच्यासारखे पाळक त्यांतूनच पुढे आले.

मिशनकार्य : नॉर्दम्प्टनशरचा विल्यम कॅरी (१७६१–१८३४) व्यवसायाने चांभार होता. दुकानात काम करता करता त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास केला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी एका विधवाबाईंच्या घरातील मागच्या खोलीत काही पाळक जमले, आणि १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्सच्या वर्गणीवर बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅरी कलकत्त्याला उतरला. पत्नी डॉरथी यांची येण्याची इच्छा नव्हती. बंगालमध्ये पाच वर्षांचा मुलगा गेला आणि त्यांचे मानसिक आरोग्य ढासळले ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरले नाही. कॅरीच्या कामाचे मोल सांगताना या बाईंनी मोजलेली किंमत गाळणे बरोबर नाही.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून १८०० मध्ये कॅरी हुगळीकाठच्या श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीत गेला. शिक्षक जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड त्याच्या सोबतीला होते. तिघांचा पैसा एकाच थैलीत जाई. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस कृष्ण पाल या सुताराचा हुगळीत बाप्तिस्मा झाला. प्रत्येकाने स्वतः समजून विश्वास ठेवायचा, तर शास्त्र त्याच्या भाषेत हवे. त्यामुळे छापखाना हा या मिशनचा कणा ठरला. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या कारागिरांनी तिथे अनेक लिप्यांचे खिळे पाडले.

इथे मराठीचा संबंध येतो. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवी, आणि तिथले मराठी पंडित वैजनाथ शर्मा हे त्याचे मुख्य साहाय्यक. १८०५ मध्ये इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण श्रीरामपुरात छापले गेले (पोर्तुगीज भाषेतील एक व्याकरण १७७८ मध्येच रोमला निघाले होते), १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, आणि १८११ मध्ये मोडी लिपीत नवा करार. वैजनाथांची ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ची, ‘हितोपदेश’ १८१५चा, दोन्ही मोडीत. मराठी गद्याची ही आरंभीची छापील पुस्तके मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, बंगालमधील एका बॅप्टिस्ट छापखान्यात तयार झाली. वैजनाथांचे नाव पुस्तकांच्या इतिहासात कॅरीच्या सावलीत राहिले; खरे तर ती मराठी त्यांची होती. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या श्रीरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली.

मग महाराष्ट्रात बॅप्टिस्ट थोडे का? त्याचे उत्तर १८१२च्या एका जलप्रवासात सापडते. त्या वर्षी अमेरिकेहून काँग्रिगेशनल पंथाचे पाच तरुण मिशनरी दोन जहाजांनी भारताकडे निघाले. त्यांपैकी अडोनिराम जडसन याने, पुढे कॅरीशी गाठ पडणार म्हणून, वाटेत बाप्तिस्म्याविषयी नवा करार बारकाईने वाचायला घेतला; बॅप्टिस्टांना उत्तर देता यावे एवढाच हेतू. कलकत्त्याला पोहोचल्यावरही हा अभ्यास चालू राहिला, आणि अखेर तोच बदलला. पत्नी ॲन आणि तो यांनी, आणि पाठोपाठ ल्यूथर राइस याने, कलकत्त्यात बुडवून बाप्तिस्मा घेतला. जडसन ब्रह्मदेशात गेला. राइसने अमेरिकेत परतून बॅप्टिस्टांना मिशनसाठी एकत्र केले. पंथ न बदललेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. त्यांनी शास्त्राचे मराठी भाषांतरही स्वतः नव्याने केले. मुंबई, अहमदनगर भागातील मराठी ख्रिस्ती समाज या मिशनच्या, स्कॉटिश मिशनच्या आणि इतरांच्या कामातून वाढला. रेव्हरंड टिळक अमेरिकन मराठी मिशनचेच.

बॅप्टिस्टांचा विस्तार झाला तो पूर्वेला आणि तेलुगू मुलखात. ओंगोलला अमेरिकन मिशनरी जॉन क्लो १८६६ मध्ये आला, आणि यर्रगुंटला पेरय्या या मादिगा या दलित समाजातील साधकाच्या मागोमाग गावेच्या गावे येऊ लागली. मादिगांना बरोबरीने घेऊ नका, असा दबाव वरच्या जातींकडून आला. क्लोने तो मानला नाही. १८७६–७८च्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याचे काम कंत्राटाने घेऊन हजारो भुकेल्यांना मजुरी दिली, आणि त्या काळात बाप्तिस्मे थांबवले. अन्नासाठी कोणी विश्वासाचे नाव घेऊ नये, हा हेतू. मदत थांबल्यावर पुन्हा दारे उघडली, तेव्हा ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

ईशान्येकडे आसामात १८३६ पासून अमेरिकन बॅप्टिस्ट होते. शिवसागरच्या त्यांच्या छापखान्यातून १८४६ मध्ये ‘अरुणोदय’ हे असमिया मासिक निघाले. गारो टेकड्यांत ओमेद आणि रामखे या दोघा गारो माणसांनी सुरुवात केली, तर नागा टेकड्यांत मिशनरी एडवर्ड क्लार्कच्या आधी गोधुला हा असमिया प्रचारक पोहोचला होता. १८७२ मध्ये आओ नागांची पहिली मंडळी झाली. ही सारी कामे परदेशी मिशनऱ्यांच्या नावाने ओळखली जातात, पण दार उघडून दिले ते कृष्ण पाल, पेरय्या, गोधुला यांनी. आज नागालँडची बहुसंख्य लोकवस्ती बॅप्टिस्ट आहे. १९६४ मध्ये तिथल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या पुढाकाराने शांतता मंडळ नेमले गेले. त्यात जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि इंग्रज पाद्री मायकेल स्कॉट होते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारत सरकार आणि नागा बंडखोर यांच्यात शस्त्रसंधी झाली. जगभरच्या संघांना जोडणारी बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स १९०५ पासून आहे.

उपासना आणि प्रवेश : रविवारच्या उपासनेला कोणीही बसू शकते. गीते, प्रार्थना, शास्त्रवाचन आणि लांबलचक संदेश; संदेश हाच उपासनेचा गाभा, म्हणून अनेक उपासनामंदिरांत व्यासपीठ मधोमध असते. सभासद व्हायचे तर आधी काही आठवडे शिकवणूक असते. मग इच्छुक व्यक्ती मंडळीपुढे उभी राहून साक्ष देते : ख्रिस्ताची ओळख कशी झाली, पश्चात्ताप का वाटला, काय बदलले. ती कोणी लिहून देत नाही. अडखळत सांगितली तरी चालते. मंडळी संमती देते. बाप्तिस्म्याचा हौद पुष्कळदा व्यासपीठामागे किंवा फळ्यांखाली असतो, खेड्यांत नदी किंवा विहीर. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे राहून विचारतात, ‘तू येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का?’ उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे असते. मग पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाठीवर हात देऊन त्याला पाण्याखाली नेतात आणि लगेच वर काढतात. काठावरची मंडळी गीत सुरू करते, कोणीतरी टॉवेल घेऊन पुढे होते.