हानोक निवास

हानोक निवास : कोरियातील पारंपरिक घरात पाहुणा म्हणून मुक्काम करण्याची प्रथा. लाकडी सांगाडा, मातीच्या भिंती, कागदी दारे आणि बहुधा कौलारू छप्पर असलेल्या घराला कोरियन भाषेत ‘हानोक’ म्हणतात. सोलमधील बुकचोन, जोन्जू शहरातील हानोक वस्ती आणि 2010 मध्ये जागतिक वारसा ठरलेले हाहवे हे गाव ही अशा मुक्कामाची प्रमुख ठिकाणे होत.

हानोक कळते ते पाठ जमिनीला टेकल्यावरच. चुलीतील धूर व उष्ण हवा खोलीच्या जमिनीखालील दगडी नाळ्यांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडते. वाटेत तापलेले दगड, त्यांवरील मातीचा थर व तेल पाजलेला कागद रात्रभर ऊब धरून ठेवतात. या रचनेला ‘ओन्दोल’ म्हणतात. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवरच जेवणे आणि गादी पसरून तेथेच निजणे या सवयी तिच्यामुळेच रुजल्या. चुलीलगतच्या सर्वांत उबदार जागेला ‘आरेनमोक’ म्हणतात; ती वडीलधाऱ्यांना व पाहुण्यांना देण्याची रीत आहे. उन्हाळ्यासाठी त्याच घरात ‘मारू’ असते, म्हणजे जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळणारी फळ्यांची ओसरी. कडाक्याची थंडी आणि दमट उकाडा या दोहोंना एकाच छपराखाली दिलेले हे उत्तर खरोखर असामान्य आहे. आता बहुतेक ठिकाणी चुलीची जागा गरम पाण्याच्या नळ्यांनी घेतली आहे. दारांना मात्र अजूनही ‘कागदी तुती’ या झाडाच्या सालीपासून केलेला ‘हांजी’ कागद लावतात. त्यातून उजेड झिरपतो, तसा गल्लीतील आवाजही आत येतो.

ग्योंगबोकगुंग व चांगदोकगुंग या दोन राजवाड्यांच्या दरम्यान असलेली बुकचोन ही जोसन राजघराण्याच्या काळात उच्चपदस्थांची वस्ती होती. तथापि आज तेथे दिसणारी घरे बव्हंशी विसाव्या शतकातील आहेत. जपानी अंमलात सोलमध्ये जपानी वस्ती पसरू लागली, तेव्हा जोंग से-ग्वोन या बांधकाम व्यावसायिकाने मोठी आवारे विकत घेऊन, त्यांचे लहान तुकडे पाडून कोरियन कुटुंबांसाठी हानोकांच्या रांगा उभारल्या. कोरियन भाषेच्या अभ्यासकांच्या संस्थेलाही त्याने इमारत दिली. घरे अपेक्षेपेक्षा नवी असल्याने त्यांचे मोल उणावत नाही, उलट त्यांमागील चिकाटी कळल्यावर ते वाढते. जोन्जूची सुमारे 700 घरांची वस्तीही 1930 च्या सुमारास, जपानी व्यापारी शहरात शिरल्यावर, अशीच आकाराला आली.

बुकचोनमध्ये आजही लोक राहतात. पर्यटकांच्या गर्दीने त्रासलेल्या रहिवाशांसाठी नोव्हेंबर 2024 पासून मुख्य गल्ल्यांत सायंकाळी 5 ते सकाळी 10 पर्यंत पर्यटकांना प्रवेशबंदी करण्यात आली, आणि मार्च 2025 पासून तिच्या उल्लंघनाला 1,00,000 वॉनचा दंड आहे. हानोकमध्ये मुक्कामी असलेल्यांना या बंदीतून सूट आहे.