सत्तरपैकी किती? नाण्यांच्या ग्रेडिंगची पार्श्वभूमी

आमच्या आजीच्या पेटीत व्हिक्टोरिया राणीचे सात चांदीचे रुपये होते. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते बाहेर निघत, पांढऱ्या रांगोळीने खसाखसा घासले जात आणि संध्याकाळी हळदकुंकू लावून ताम्हनात मांडले जात. सातही रुपये आरशासारखे लखलखायचे. पुढे मी नाणी जमवू लागलो, तेव्हा एका जाणत्या संग्राहकाने त्यांतला १८८५ चा रुपया दिव्याखाली तिरका धरला आणि राणीच्या गालावरून एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा मला दाखवल्या. म्हणाला, "रुपया खरा आहे, पण ग्रेड नाही मिळायची. धुतलाय हा."

ग्रेड म्हणजे नाण्याच्या अवस्थेला दिलेले गुण, १ पासून ७० पर्यंत. संग्राहक नाणे एका त्रयस्थ कंपनीकडे पाठवतो. तिथले पारखी ते अस्सल आहे का, त्याच्याशी कोणी छेडछाड केली आहे का, ते किती झिजले आहे हे पाहतात, गुण ठरवतात आणि नाणे प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचे बंद करून, वर लेबल आणि क्रमांक घालून परत पाठवतात. या डबीला जगभर 'स्लॅब' म्हणतात. आज कोट्यवधी नाणी अशा डब्यांत आहेत. ही पद्धत अमेरिकेत घडली. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे नाण्याबद्दल शब्द कोणाचा धरायचा, आपल्याकडे फार जुना आहे.

प्राचीन भारताच्या आहत, म्हणजे चिन्हे ठोकून उठवलेल्या, नाण्यांवर मुख्य चिन्हांखेरीज काही बारीक ठसे दिसतात. ते सराफांनी परख करून उठवलेले मानले जातात. मोगल आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयांवरही अशा खुणा सापडतात. पेशवाईत तर टांकसाळी इतक्या आणि रुपयांचे प्रकार इतके की अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का यांतला कोणता किती मोलाचा हे सांगायला पारखी माणूस लागायचाच. सरकारी खजिन्यात येणारे प्रत्येक नाणे पोतदाराच्या हाताखालून जाई. तो ते वाजवून, तोलून, डोळ्यांजवळ नेऊन पाही. पोतदार, सराफ, पारखी, टांकसाळे ही आडनावे आजही आपल्या आसपास आहेत ती त्या कामामुळेच. हलक्या किंवा झिजलेल्या रुपयावर जी कसर कापली जाई तिला बट्टा म्हणत, आणि नावाला लागतो तोही बट्टाच.

बंगालमध्ये या बट्ट्याने लोक हैराण झाले होते. रुपयावर बादशहाचे राज्यवर्ष असे आणि वर्ष जुने झाले की नाणे झिजले असे धरून सराफ त्याची किंमत उतरवत, मग ते प्रत्यक्षात झिजलेले असो वा नसो. शेवटी कंपनीने शाह आलमच्या राज्यवर्षाचा १९ हा आकडा पुढे कित्येक वर्षे तसाच छापत ठेवला, म्हणजे सराफाला नवे-जुने ओळखताच येऊ नये. १८३५ मध्ये साऱ्या कंपनी मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला आणि हळूहळू रोजच्या व्यवहारातून पारखी बाजूला पडला. त्याची गरज पुन्हा लागली ती संग्राहकाला. व्यापाऱ्याला धातू किती उरला हे हवे असते, तर संग्राहकाला टांकसाळीतून निघताना नाणे जसे होते तसे त्यातले किती उरले हे हवे असते.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही अवस्था नुसत्या शब्दांत सांगत. 'गुड', 'फाइन', 'अनसर्क्युलेटेड'. नवख्याला 'गुड' म्हणजे चांगले वाटते, प्रत्यक्षात त्या नाण्यावरचे चित्र जेमतेम ओळखू येते. आणि शब्द लावणार कोण, तर विकणाराच. विकताना 'फाइन' असलेले नाणे परत विकायला नेले की 'गुड' व्हायचे.

यावर आकड्यांचा उपाय काढला विल्यम शेल्डन यांनी. पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीचे तीन प्रकार मांडून त्यावरून स्वभाव सांगण्याचा त्यांचा सिद्धांत त्या काळी गाजला आणि पुढे मागे पडला. छंद मात्र तांब्याच्या जुन्या अमेरिकन सेंटचा. १७९३ ते १८१४ या काळातल्या मोठ्या सेंटवर त्यांनी १९४९ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० हे माप दिले. सत्तरच का? १७९४ च्या सेंटच्या तेव्हाच्या भावांवरून त्यांनी हिशेब बसवला होता. ओळखू येण्यापलीकडे झिजलेल्या सेंटला एक डॉलर मिळत असेल, तर निर्दोष सेंटला सत्तर. म्हणजे मूळ किंमत आणि ग्रेड यांचा गुणाकार केला की भाव निघावा. बाजार असल्या गणितात फार दिवस बसला नाही. चांगल्या नाण्यांचे भाव काही वर्षांतच त्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे गेले. पण माप टिकले, आणि तांब्याच्या सेंटपुरते काढलेले ते आकडे आज सोन्याचांदीच्या, देशोदेशींच्या नाण्यांना लागतात.

शेल्डन यांची गोष्ट इथेच संपत नाही, आणि मला ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७७ मध्ये ते वारले. नंतर उघड झाले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीत जॉर्ज क्लॅप यांनी दान दिलेला मोठ्या सेंटचा जो संग्रह होता, त्यातली उत्तम नाणी काढून त्यांच्या जागी त्याच प्रकारची हलक्या अवस्थेतली नाणी शेल्डन यांनी ठेवली होती. संख्या पुरी, प्रकार तेच, फक्त दर्जा उतरलेला. वरवर पाहणाऱ्याला काही गेले आहे हे कळलेच नसते. जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिली तेव्हा लबाडी सापडली, आणि ती नाणी परत मिळवण्यासाठी सोसायटीला पुढे कोर्टात जावे लागले. ग्रेडमधल्या फरकाला किती मोल असते हे ज्याला सर्वांत जास्त कळत होते, त्यानेच तो फरक चोरला. नाणे आणि त्याची नोंद एकमेकांपासून सुटी राहिली की काय होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

सत्तरच्या दशकात आणखी एक संकट वाढले, बनावट नाण्यांचे. १९१६ च्या डेन्व्हर टांकसाळीच्या डाइमची, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याची, संख्या केवळ २,६४,०००. मग साध्या १९१६ च्या डाइमवर बारीक 'डी' चिकटवून ती दुर्मीळ म्हणून खपवायची. १९०७ च्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याची तर इतकी सफाईदार नक्कल निघाली की तज्ज्ञ फसले. करणाऱ्याने गरुडाच्या पंजाशी ग्रीक ओमेगा हे अक्षर सुईच्या टोकाएवढे कोरून ठेवले होते, त्यावरून ती आज ओळखू येते. म्हणून १८९१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये 'ॲनॅक्स' ही सेवा काढली. आधी तिचे काम नाणे अस्सल की नकली एवढेच सांगण्याचे होते. १९७९ पासून ती ग्रेडही देऊ लागली, दोन्ही बाजूंना वेगवेगळी, नाण्याच्या फोटोसह छापलेल्या प्रमाणपत्रावर.

पण प्रमाणपत्र वेगळे, नाणे वेगळे. शिवाय माप स्थिर राहिले नाही. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली, तिच्याबरोबर नाण्यांचे भाव चढले आणि मग दोन्ही आपटले. पडत्या बाजारात घेणारे चोखंदळ झाले. १९८० मध्ये ६५ म्हणून दिलेल्या नाण्याला पाच वर्षांनी बाजार ६३ च म्हणू लागला. ज्यांनी ६५ च्या भावाने घेतले होते त्यांच्या हातात तोच कागद, तेच नाणे, आणि निम्म्याहून कमी किंमत.

यातून १९८५ मध्ये डेव्हिड हॉल आणि आणखी काही व्यापारी एकत्र आले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात 'पीसीजीएस' ही ग्रेडिंग कंपनी सुरू झाली. डबी हा त्यांचा डोळ्यांत भरणारा भाग, पण खरे काम तिच्यामागे होते. नाणे कोणाचे हे तपासणाऱ्यांना कळू द्यायचे नाही, एकाहून अधिक जणांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे, चूक निघाली तर कंपनीने भरपाई करायची, आणि या ग्रेडवर विसंबून, नाणे न पाहताही बोली लावायला काही व्यापाऱ्यांनी बांधील राहायचे. डबीचे दोन अर्धे अल्ट्रासॉनिक लहरींनी वितळवून जोडलेले, त्यामुळे फोडल्याशिवाय उघडणार नाही. कागद आणि नाणे यांच्यातली फट बुजली ती अशी. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्याच गटातले जॉन अल्बनीज बाहेर पडले आणि त्यांनी 'एनजीसी' ही दुसरी ग्रेडिंग कंपनी काढली. आजही बाजार प्रामुख्याने या दोघांचाच आहे.

शेल्डन यांच्याकडे कोऱ्या, म्हणजे चलनात न फिरलेल्या, नाण्यांना ६०, ६५ आणि ७० अशा तीनच पायऱ्या होत्या. आता ६० ते ७० मध्ये अकरा झाल्या. त्या समजायला मॉर्गन डॉलर हातात घ्यावा. हे चांदीचे डॉलर टांकसाळीतून हजार-हजारांच्या पोत्यांत भरून निघत. एक पोते पावणेसत्तावीस किलोचे. पोती आपटली, सरकवली, एकावर एक रचली की आतली नाणी एकमेकांना खरचटत. चलनात एक दिवसही न फिरलेल्या डॉलरवर त्यावर कोरलेल्या लिबर्टी देवीच्या गुळगुळीत गालावर नेमके कुठे आणि किती खोल ओरखडे आहेत, यावर ६३, ६४ की ६५ ठरते. पारखी हे नुसत्या डोळ्यांनी आणि साध्या भिंगाने पाहतो, नाणे दिव्याखाली गोल फिरवत. खऱ्या झळाळीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा नाण्याभोवती फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, चमक जागीच थिजते. आजीच्या रुपयांचे तेच झाले होते.

डबीने बाजार मोठा केला हे खरे, आणि बिघडवलाही. १९८९ च्या सुमारास वॉल स्ट्रीटवरचा पैसा स्लॅबमधल्या नाण्यांत आला, कारण आता नाणे न ओळखणाराही ते शेअरसारखे घेऊ शकत होता. पुढच्याच वर्षी भाव कोसळले. १९९० मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर कारवाई केली. ग्रेड हे अखेर मत आहे, मोजमाप नव्हे, याची ती सरकारी आठवण होती. ६४ आले की डबी फोडून ६५ च्या आशेने नाणे पुन्हा पाठवणारेही निघाले. त्यामुळे एकच नाणे कंपन्यांच्या आकडेवारीत तीन-चारदा मोजले गेले. २००७ मध्ये अल्बनीज यांनीच 'सीएसी' काढून स्लॅबमधल्या नाण्यांवर दुसरे मत द्यायला सुरुवात केली, पसंत पडले तर डबीवर छोटी हिरवी चिकटपट्टी. आणि २००८ च्या सुमारास चक्क नकली डब्याच बाजारात आल्या. दुसऱ्या टोकाला १७९४ चा एक चांदीचा डॉलर, पीसीजीएसची ६६ ग्रेड असलेला, जानेवारी २०१३ मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेला.

आपल्या जुन्या नाण्यांना सत्तरचे माप नीट बसत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारले होते. हरलेल्या राजाचा चेहरा आणि त्याच्यावर जिंकलेल्याची चिन्हे, हे सारे एकाच नाण्यावर. असे नाणे 'टांकसाळीतून निघाले तेव्हा' कसे होते, आणि कोणत्या टांकसाळीतून? प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी म्हणूनच ७० चा आकडा वापरत नाही. ठसा कसा उठला याला पाचपैकी आणि पृष्ठभागाला पाचपैकी असे गुण देते. ते मला जास्त प्रामाणिक वाटते.

यापुढची गोष्ट आपल्या संग्राहकांनी नीट लक्षात ठेवायलाच हवी. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद आणि दंड. म्हणजे शिवराई, अंकुशी रुपया, व्हिक्टोरियाचे सगळे रुपये, १९११ चा तो प्रसिद्ध 'डुक्कर रुपया', ज्यावर राजाच्या झग्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारला नाणी परत घेऊन वितळवावी लागली, यांतले काहीही फ्लोरिडाला एनजीसीकडे किंवा कॅलिफोर्नियाला पीसीजीएसकडे ग्रेडिंगसाठी धाडता येणार नाही. "भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्या बॅगेतून देतो" असे प्रदर्शनांत सहज बोलले जाते. तो भाचा विमानतळावर गुन्हेगार ठरू शकतो. कृपा करून असे करू नका. रेषाही दर वर्षी पुढे सरकते, पंचम जॉर्जचे रुपये एकेका सालाने तिच्यापलीकडे जात आहेत.

उरतात ती शंभरीच्या आतली नाणी: १९३९ चा दुर्मीळ चांदीचा रुपया, १९४७ चा वाघाचा निकेलचा रुपया, मुंबई टांकसाळीचे प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचे, संच. त्यांतही फी, विमा आणि टपालखर्च धरला तर काही शेकड्यांच्या नाण्यासाठी हा खटाटोप परवडत नाही. नाणे दुर्मीळ, अवस्था उत्तम आणि नकलांची भीती खरी असेल तरच पाठवावे. बाकीच्यांना निदान पीव्हीसीच्या मऊ खिशांतून बाहेर काढा. आपल्या कोकणच्या पावसाळी हवेत ते प्लास्टिक चिकट होते आणि नाण्यावर हिरवट थर धरते. तो थर धातू खातो.

आजीचे सात रुपये आता माझ्याकडे आहेत, आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत, प्रत्येकावर साल आणि टांकसाळ पेन्सिलीने लिहिलेली. लक्ष्मीपूजनाला ते पाकिटांसकटच ताम्हनात ठेवतो. हळदकुंकू वाहायला दहाचे नवे नाणे घेतो, आणि रांगोळी दारात काढतो.