नायट्रस आणि झेनॉन: तंद्री सारखी, गॅस वेगळे

अंग आपलं नाहीच असं वाटणं, आवाज लांबून येणं, काळ रेंगाळणं. नायट्रस ऑक्साइड (लाफिंग गॅस) हुंगला काय किंवा झेनॉन हा निष्क्रिय वायू, अनुभव बराचसा हाच, म्हणून दोघांची गल्लत होते. दोन्ही गॅस मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे चेतापेशींवरची संदेश घेणारी एक प्रकारची दारं, अडवतात. केटामाइन हे भुलीचं औषधही तेच करतं. भास घडवणाऱ्या एलएसडीची वाट निराळी, ती सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या रिसेप्टरमधून जाते.

खरा फरक शरीरात पडतो. झेनॉन कशाशीही संयोग न करता श्वासावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. नायट्रस बी-१२ मधल्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करतो आणि ते जीवनसत्त्व निकामी होतं. वारंवार घेणाऱ्याच्या पायाच्या बोटांना आधी मुंग्या येतात, मग डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो. मज्जारज्जूला इजा होत असल्याची ही खूण. अशा वेळी रक्तातलं बी-१२ नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहणं फार महागात पडतं: ते असतं, पण कामाचं नसतं. बी-१२ काम करत नसलं की रक्तात वाढणारी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक ॲसिड ही द्रव्यं तपासायलाच हवीत.

ताकदही वेगळी. एकट्या झेनॉनने पूर्ण भूल द्यायला साधारण ६३ ते ७० टक्के पुरतो, उरलेला ऑक्सिजन. नायट्रसचा तोच आकडा १०४ टक्के, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाला अशक्य. निव्वळ नायट्रस ओढून कुणी बेशुद्ध पडला, तर त्यात ऑक्सिजन तुटल्याचा मोठा हात असतो, आणि जीव जातो तोही त्यानेच. बंद केल्यावर नायट्रस रक्तातून फुप्फुसांत लोटतो आणि तिथला ऑक्सिजन पातळ करतो, म्हणून पुढची ५ ते १० मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन देतात. छातीत हवा अडकली असेल किंवा डोळ्यात शस्त्रक्रियेचा गॅसचा बुडबुडा असेल, तर नायट्रस नकोच. ती पोकळी फुगते.

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर नायट्रसचा अभ्यास पुढे गेला आहे. २०१५ च्या चाचणीत २० रुग्णांना तासभर ५० टक्के नायट्रस दिला. २०२१ मध्ये २५ टक्क्यांनीही जवळपास तेवढाच गुण आला आणि मळमळ बरीच कमी झाली. तंद्री जितकी गाढ तितका उपचार खोल, या समजुतीला हा निकाल पुष्टी देत नाही.

झेनॉनने भूल १९५१ पासून दिली जाते, पण हवेत तो दहा लाखांत ०.०८७ भाग एवढाच. म्हणून तो बंद सर्किटमध्ये, कार्बन डायऑक्साइड शोषून घेत, पुन्हापुन्हा फिरवून वापरतात.