कारखान्यातली साखर, काचेतली साखर

सांगलीत कुणी म्हटलं, "आमची पोरगी साखरेवर पीएच.डी. करतेय," की समोरून पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कारखान्यावर?" विचारणाऱ्याची चूक नाही. इथे साखर म्हणजे गाळप, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी), एफआरपी (उसाचा किमान दर) आणि काट्यावर ताटकळलेली ट्रॅक्टरची रांग. प्रयोगशाळा म्हणजे कारखान्याच्या आवारातली ती खोली, जिथे केमिस्ट रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांचं प्रमाण) आणि पोल (प्रकाशाच्या वळणावरून मोजलेली साखर) काढतो. साखरेचा एक रेणू कुणाला जन्मभर पुरतो, हे समजावायला लागलं की ऐकणारा माणूस चहा सांगतो.

मी पदवीच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवत आलो. वर्षाआड एखादं पोर कर्बोदकांच्या, म्हणजे साखरांच्या, संशोधनाकडे वळतं आणि मग त्याच्या घरच्यांना हा विषय कुठून आला ते सांगायची पाळी माझ्यावर येते. ते सांगताना मी रेमंड लेम्यू या कॅनडाच्या प्राध्यापकाचं नाव घेतो. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला थोडं मागून यावं लागतं.

सुरुवात पोलपासूनच करू, तो तरी सगळ्यांना ठाऊक आहे. साखरेचं पाणी प्रकाशाच्या कंपनाची पातळी फिरवतं, हे फ्रान्समध्ये बिओ यांनी १८१५ च्या सुमारास दाखवलं. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, ती उजवीकडे फिरवते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की सुक्रोज फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. यातलं फ्रुक्टोज इतक्या जोराने डावीकडे ओढतं की पूर्ण फुटलेल्या मिश्रणाचं वळण उजव्याचं डावं होतं. केमिस्ट लोक 'इन्व्हर्जन' म्हणतात ते यालाच. एरवी अणू तेच, तेवढेच. फरक पडतो तो रेणूचा कुठला हात, म्हणजे कार्बनला लटकलेला गट, कुठल्या दिशेला आहे याने. या शास्त्राची दीडशे वर्षं 'वर की खाली' या एका प्रश्नामागे गेली.

त्या प्रश्नाला पहिल्यांदा सरळ भिडले ते जर्मनीचे एमिल फिशर. त्यांच्यापुढची मोठी अडचण आमच्याकडच्या कुठल्याही गुळव्याला कळेल: साखरा स्फटिकात येत नाहीत, काकवी होऊन बसतात. काकवी शुद्ध करता येत नाही, आणि शुद्ध नाही तोवर ओळखता येत नाही. फिशर यांनी १८७५ मध्ये फेनिलहायड्रॅझिन शोधलं होतं. पुढे १८८४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की हे द्रव्य साखरेला जोडलं की पिवळे, देखणे स्फटिक पडतात. तेच ओसाझोन. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आमची मुलं आजही ते करतात. ग्लुकोजच्या आणि फ्रुक्टोजच्या सुया सारख्याच दिसतात आणि मुलं गोंधळतात. फिशर गोंधळले नाहीत. दोन्ही सारख्या दिसतात याचा अर्थ दोघांचं खालचं अंग एकच आहे, असा त्यांनी कयास बांधला आणि अशा धाग्यांवरून १८९१ मध्ये ग्लुकोजच्या हातांची मांडणी ठरवून टाकली. शक्य असलेल्या सोळा रचनांमधली नेमकी एक. खरं तर आरशातल्या जोडीपैकी कुठली खरी हे सांगायला त्यांच्याकडे साधन नव्हतं, तिथे त्यांनी एक बाजू धरून चालायचं ठरवलं. ती बरोबर निघाली, पण हे क्ष-किरणांनी सिद्ध व्हायला १९५१ उजाडलं. १९०२ चं नोबेल त्यांना मिळालं. फेनिलहायड्रॅझिनच्या विषाने त्यांची तब्येतही खालावली. १९१९ मध्ये ते गेले. आमच्या विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं ते त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण वर्गात सांगितलं की साल पोरांच्या लक्षात राहतं.

फिशर यांनी साखर सरळ साखळीसारखी काढली होती. ती कडी घालून बसते, आणि बहुधा सहा अणूंची कडी घालते, हे इंग्लंडमध्ये हॉवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात पक्कं केलं. पाठ्यपुस्तकातली ती षट्कोनी चित्रं हॉवर्थ यांच्याच नावाने ओळखली जातात. १९३७ च्या नोबेलचे एक मानकरी तेही होते.

एवढं कळलं, तरी उसातली साधी साखर प्रयोगशाळेत कुणाला जमेना.

आमच्या भागात हे कुणाला पटत नाही. इकडे हंगामात लाखो पोती भरतात आणि जगभरच्या प्रोफेसरांना चमचाभर साखर करता येत नव्हती? नव्हती. कारखाना साखर तयार करत नाही. उसाने केलेली साखर तो वेगळी काढतो. करणारा ऊस. तो ती ग्लुकोजला एका न्यूक्लिओटाइडची (पेशीतल्या एका जोडरेणूची) मूठ लावून करतो, ही युक्ती अर्जेंटिनाच्या लेलुआर यांनी उलगडली आणि १९७० चं नोबेल मिळवलं. काचेच्या भांड्यात मात्र ती मूठ नाही. १९२८ मध्ये जिनिव्हाच्या पिक्ते आणि फोगेल यांनी सुक्रोज बनवल्याचं जाहीर केलं. इतरांनी तीच कृती पुन्हापुन्हा केली, पण साखर काही हाती लागली नाही. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात एका जिवाणूच्या एन्झाइमकडून ती जुळवून घेतली गेली. निव्वळ रसायनाने तेव्हाही नाही.

अडचण अशी. ग्लुकोजच्या कडीला पाच हात आहेत, पाचही जवळपास सारख्याच ओढीचे. एकालाच कामाला लावायचं तर बाकीचे बांधून ठेवावे लागतात आणि काम झालं की सोडावे लागतात. प्रत्येक बांधणी-सोडणी ही एक पायरी, आणि पायरीगणिक माल घटतो. सुक्रोजमध्ये आणखी भर म्हणजे फ्रुक्टोजला त्याची आवडती सहाची कडी सोडून पाचच्या कडीत बसवायचं असतं. शिवाय दोघांमधला जोड एका बाजूने खालून आणि दुसऱ्या बाजूने वरून यायला हवा. नेम चुकला की साखरेची सावत्र भावंडं मिळतात.

लेम्यू यांचा जन्म १९२० चा, कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातल्या लाक ला बिश या लहानशा गावचा. पीएच.डी. मॅकगिल विद्यापीठातून, १९४६ मध्ये. नंतर अमेरिकेत ओहायोला वुल्फ्रम यांच्याकडे त्यांनी स्ट्रेप्टोमायसिनवर काम केलं. क्षयावरच्या या औषधाच्या रेणूत साखरेचे तुकडे आहेत. वानलेसवाडीच्या क्षय सॅनेटोरियमच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना या औषधाची ओळख करून द्यायला नको.

मायदेशी परतल्यावर सास्काटूनच्या सरकारी प्रयोगशाळेत, गव्हाच्या मुलखात, १९५३ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडच्या ह्यूबर या तरुण सहकाऱ्याबरोबर सुक्रोज बनवलं. ग्लुकोजचा एक ताणलेला, उघडायला उतावीळ झालेला प्रकार घेतला, फ्रुक्टोजचा एकच हात मोकळा ठेवला आणि दोघांना एकत्र करून दिवसचे दिवस तापवलं. हाती लागलेला माल एक आकडी टक्क्यात होता. कारखान्याचा असा उतारा लागला तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतील! इथे मात्र तेवढंही पुरेसं होतं. या कामाला सेंद्रिय रसायनातलं एव्हरेस्ट म्हणत, आणि खरं एव्हरेस्टही त्याच वर्षी सर झालं.

बरेच जण लेम्यू यांची गोष्ट इथेच संपवतात. मला त्यांचं पुढचं काम मोठं वाटतं. १९५४ मध्ये ते ओटावा विद्यापीठात गेले. चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या अणूंचे संकेत टिपणारं एनएमआर यंत्र तेव्हा नवं होतं. १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की साखरेच्या शेजारशेजारच्या हायड्रोजनांचे संकेत वाचून हात कुठल्या दिशेला आहेत हे ठरवता येतं. फिशर यांना ज्यासाठी वर्षं घालवावी लागली, ते आता एका आलेखावर दिसायला लागलं. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक विचित्र गोष्ट पकडली. खुर्चीच्या आकाराच्या कडीत जाडजूड गटाने ऐसपैस बाजूला बसावं, हा नियम. पण पहिल्या कार्बनवर ऑक्सिजन किंवा क्लोरीनसारखा गट आला की तो हट्टाने उभ्या, अडचणीच्या जागेलाच बसतो. याला ॲनोमेरिक परिणाम म्हणतात. त्याच्या कारणांवर वाद अजून चालू आहेत. साखर जोडणाऱ्याला मात्र तो पहिल्या आठवड्यातच शिकावा लागतो.

१९६१ पासून ते आल्बर्टा विद्यापीठात होते. तिथे १९७५ मध्ये त्यांच्या गटाने माणसाच्या रक्तगटाच्या साखरा बनवून दाखवल्या. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तरी हे माहीत असायला हवं: रक्तपिशवीवरचं ए किंवा बी हे अक्षर म्हणजे तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला कुठली साखर आहे त्याची खूण. बीला गॅलॅक्टोज. एला तेच, फक्त एका हाताच्या जागी नायट्रोजनचा गट. दोन्ही नसतील तर ओ. आणि ही टोकं ज्यावर बसतात तो पायाच नसेल, म्हणजे फ्यूकोज नावाची साखर जोडणारं एन्झाइमच चालत नसेल, तर तो 'बॉम्बे' गट. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत तो पहिल्यांदा नोंदवला. नेहमीच्या तपासणीत असा माणूस ओ दिसतो, पण ओचं रक्त चढवलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. एका फ्यूकोजचा हा हिशेब!

या वाटेने आज जाणाऱ्या पोराचा दिवस काही एव्हरेस्टसारखा नसतो. मिश्रण वेगळं करायला कॉलम लावायचा, थेंब गोळा करायचे, टीएलसीची (घटक वेगळे करून दाखवणारी) पट्टी सल्फ्युरिक आम्लात बुडवून तापवायची आणि काळा डाग कुठे उमटतो ते बघायचं. साखर अतिनील दिव्याखाली सहसा दिसत नाही, जाळूनच ओळखावी लागते. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) होथा आणि कश्यप यांनी २००६ मध्ये साखरा जोडायला सोन्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरून दाखवला. हे ऐकल्यावर एका पालकांनी मला विचारलं, "सोनं घालून साखर? मग किलोला काय भाव पडेल?"

लेम्यू २००० मध्ये गेले, त्याच्या आदल्या वर्षी त्यांना वुल्फ पुरस्कार मिळाला होता. म्हातारपणी त्यांनी धरलेला प्रश्न मला सगळ्यात आवडतो. प्रथिन साखरेला धरतं तेव्हा त्या दोघांच्या मधलं पाणी काय करतं? एवढे हात असलेला रेणू पाण्यात मोकळा कधीच नसतो, पाण्याने लपेटलेलाच असतो. प्रथिनाला चिकटताना ते पाणी बाजूला सरतं, आणि या मिठीमागचा जोर बराचसा त्या सुटलेल्या पाण्याचा आहे, असं त्यांनी १९९६ मध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीत, मांडलं.

शिराळ्याकडच्या आमच्या गुऱ्हाळात रानभेंडीचा चिकट रस घालून काहिलीतली मळी वर काढायचे. तो रस म्हणजेसुद्धा साखरांच्या लांब साखळ्याच, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आदण उतरायची वेळ गुळव्या पाण्यात पाकाची गोळी करून ठरवायचा. उसाला ऊन लागून इन्व्हर्जन जास्त झालेलं असेल तर त्याची कितीही नजर असो, ढेप घट्ट होत नसे. आणि झालीच, तरी जूनमध्ये पहिला पाऊस पडला की माळ्यावरच्या ढेपा हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागायच्या, आणि आजी खाली परात लावून ठेवायची.