संदर्भोल्लेख डेटाबेस

संदर्भोल्लेख डेटाबेस : शोधनिबंधांच्या अखेरीस दिलेल्या संदर्भांची पद्धतशीर नोंद करून, एखाद्या लेखनाचा पुढे कोणी व कोठे आधार घेतला हे शोधता येईल अशा रीतीने रचलेला माहितीसंग्रह. विषयवार सूचीत लेखनाची वर्गवारी सूचीकाराने निवडलेल्या विषयशब्दांनुसार होते. येथे मात्र दोन लेखनांमधील दुवा मूळ लेखकानेच जोडलेला असतो आणि सूचीकार तो केवळ नोंदवतो. त्यामुळे हाती असलेल्या एका निबंधापासून त्याच्या संदर्भांच्या आधारे मागे आणि त्याचा उल्लेख करणाऱ्या नव्या निबंधांच्या आधारे पुढे, असा दोन्ही दिशांनी शोध घेता येतो. वेब ऑफ सायन्स, स्कोपस, गूगल स्कॉलर, डायमेन्शन्स आणि ओपनॲलेक्स हे आजचे प्रमुख संग्रह होत. वाङ्मयशोध हे त्यांचे मूळ प्रयोजन; नियतकालिके, संशोधक व संस्था यांचे मूल्यमापन हा नंतरचा उपयोग असून या विषयातील बहुतेक वाद त्याच्याभोवतीच आहेत.

उगमाचा प्रश्न : अशा सूचीचा आरंभ कोठून मानावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रूढ मांडणीनुसार अमेरिकेतील इलिनॉय येथे फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये सुरू केलेली न्यायनिवाड्यांची उल्लेखसूची ही तिची जननी होय. पूर्वनिर्णयांवर चालणाऱ्या कायदेपद्धतीत जुना निवाडा आधाराला घेण्यापूर्वी तो पुढे कायम राहिला की फिरवला गेला हे पाहणे अपरिहार्य असते. शेपर्ड यांनी आरंभी ही माहिती डिंक लावलेल्या कागदी पट्ट्यांवर छापली; वकील त्या पट्ट्या आपल्या निवाडासंग्रहाच्या समासात चिकटवीत. पुढे त्यांचे ग्रंथरूप झाले. निवाडा उलटवला, मर्यादित केला किंवा अनुसरला हे दाखवणाऱ्या खुणा त्या सूचीत असत. ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण विज्ञानासाठी नंतर तयार झालेल्या सूचींत नेमके हेच अंग दीर्घकाळ गाळले गेले.

फ्रेड शापिरो यांनी १९९२ मध्ये हा आरंभ मागे नेला. कायद्याच्या छापील ग्रंथांत उल्लेखित निवाड्यांच्या सारण्या अठराव्या शतकाच्या मध्यापासून आढळतात, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर बेला हास वाइनबर्ग यांनी हिब्रू धर्मवाङ्मयातील उल्लेखसूचींकडे लक्ष वेधले. बायबलमधील वचने रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) ग्रंथांत कोठे उद्धृत झाली हे सांगणाऱ्या छापील सूची सोळाव्या शतकातील असून, याच स्वरूपाची एक हस्तलिखित सूची मध्ययुगीन ज्यू विद्वान मैमोनिडीस यांच्या नावावर सांगितली जाते; ते कर्तृत्व मान्य केल्यास तिचा काळ साधारणपणे बारावे शतक असा धरावा लागतो. या सूची उल्लेखसूची आहेत यात शंका नाही. तथापि त्यांत एका बाजूला कायमचा स्थिर झालेला ग्रंथ असतो आणि दुसऱ्या बाजूला त्यावरील विवरणे असतात. आज उल्लेख करणारे लेखन उद्या स्वतःच उल्लेखाचा विषय होते आणि सूची कधीही पूर्ण होत नाही, हे विज्ञानविषयक सूचीचे लक्षण निवाड्यांच्या सूचीतच स्पष्टपणे दिसते. ही कसोटी लावली, तर प्राचीनत्वाचा मान हिब्रू सूचींना देऊनही प्रत्यक्ष वंशसंबंध शेपर्ड यांच्या परंपरेशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते.

हा संबंध कागदोपत्रीही सिद्ध आहे. यूजीन गारफील्ड हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वेल्च वैद्यकीय ग्रंथालयाच्या सूचीकरण प्रकल्पात काम करीत असताना आढावालेखांच्या रचनेचा अभ्यास करीत होते. अशा लेखातील जवळजवळ प्रत्येक विधानाला एखाद्या पूर्वलेखनाचा आधार जोडलेला असतो, म्हणजेच संदर्भ हे एक प्रकारचे सूचीकरणच होय, असे त्यांच्या ध्यानात आले होते. १९५३ मध्ये शेपर्ड यांच्या कंपनीचे निवृत्त अधिकारी विल्यम ॲडेर यांनी पत्राने कायद्यातील पद्धत त्यांच्या निदर्शनास आणली. ॲडेर यांनी स्वतःही १९५५ मध्ये या विषयावर लिहिले; परंतु त्याच वर्षी सायन्स या नियतकालिकात आलेला गारफील्ड यांचा लेख अधिक परिणामकारक ठरला. बनावट, अपूर्ण किंवा कालबाह्य माहितीचा विचार न करता होणारा पुनरुल्लेख रोखणे, हा आपल्या योजनेचा एक हेतू असल्याचे त्या लेखात नमूद आहे. क्रमवारीचे साधन म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीच्या मुळाशी टीकात्मक वाचनाची ही प्रेरणा होती, हे सामान्यतः विसरले जाते.

उल्लेख मोजण्याची कल्पना मात्र वेगळ्या वाटेने आली. पी. एल. के. ग्रॉस व ई. एम. ग्रॉस यांनी १९२७ मध्ये, महाविद्यालयीन ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी, एका प्रमुख नियतकालिकातील संदर्भांची मोजणी केली. शोधाची आणि मोजणीची अशा या दोन परंपरा पुढे एकाच संस्थेत एकत्र आल्या.

विकास : गारफील्ड यांच्या इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन या फिलाडेल्फियातील संस्थेने, आनुवंशिकीतज्ज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांच्या प्रोत्साहनाने, आधी आनुवंशिकीपुरती सूची केली. १९६३ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्सचे पहिले खंड प्रसिद्ध झाले. त्यांत १९६१ मधील ६१३ नियतकालिकांतून घेतलेले सुमारे १४ लाख उल्लेख होते. सामाजिक शास्त्रांची सूची १९७३ मध्ये, तर कला व मानव्यविद्यांची १९७८ मध्ये आली. १९९७ मध्ये या सूची वेब ऑफ सायन्स या नावाने महाजालावर उपलब्ध झाल्या. २०१६ पासून त्या क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहेत. २००४ च्या नोव्हेंबर महिन्यात एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेचा स्कोपस आणि गूगल स्कॉलर हे दोन्ही सुरू झाले व चार दशकांची एकाधिकारशाही संपली. तत्पूर्वी १९९० च्या दशकाच्या अखेरीस साइटसीअर या संगणकशास्त्रविषयक संग्रहाने, महाजालावरील निबंधांतून संदर्भ यंत्राद्वारे वेचण्याची पद्धत यशस्वी करून दाखवली होती. गूगल स्कॉलरने तीच दिशा व्यापक प्रमाणावर स्वीकारली.

जुळणीचे तंत्र : संग्रहाची विश्वसनीयता मुख्यतः एका अदृश्य कामावर अवलंबून असते, ते म्हणजे निरनिराळ्या निबंधांत निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले संदर्भ एकाच लेखनाचे आहेत हे ओळखणे. छापील सूचींत पहिल्या लेखकाचे नाव, वर्ष, खंड व पृष्ठ यांवरून ही जुळणी होई. आद्याक्षर चुकले किंवा पृष्ठांकातील एक अंक बदलला, तर त्याच लेखनाची स्वतंत्र नोंद तयार होई. २००० पासून क्रॉसरेफ या संस्थेमार्फत निबंधांना डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक मिळू लागल्याने नव्या वाङ्मयापुरती ही अडचण बरीच कमी झाली आहे. जुने ग्रंथ, अहवाल व परिषदांची इतिवृत्ते यांच्या बाबतीत ती कायम आहे. समान नावांच्या संशोधकांचा घोटाळा दूर करण्यासाठी २०१२ मध्ये ऑर्किड हा लेखक-क्रमांक सुरू झाला.

संदर्भांतील चुकांचा एक अनपेक्षित उपयोगही झाला आहे. एम. सिमकिन व व्ही. रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये, एकच छपाईदोष अनेक निबंधांत जसाच्या तसा उतरलेला दिसतो यावरून, उल्लेख करणाऱ्यांपैकी सुमारे एक पंचमांश लेखकांनीच मूळ लेखन वाचले असावे असा अंदाज मांडला. संदर्भाचा तपशील दुसरीकडून उतरवून घेणारा लेखक मूळ निबंध वाचतच नाही, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून ही संख्या अक्षरशः न घेता संदर्भ नकलण्याच्या सवयीचा पुरावा एवढ्याच मर्यादेत ती स्वीकारणे योग्य.

एकाच निबंधाची उल्लेखसंख्या प्रत्येक संग्रहात वेगळी दिसते, याचे कारण बहुतेक वेळा व्याप्तीतील फरक हे असते. वेब ऑफ सायन्स व स्कोपस निवडक नियतकालिकेच घेतात. गूगल स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रती (नियतकालिकात येण्यापूर्वी खुल्या केलेल्या निबंधप्रती), ग्रंथ व विद्यापीठीय भांडारेही घेतो, पण त्याची व्याप्ती जाहीर नाही आणि त्याच्या नोंदींत दुबार व सदोष नोंदीही येतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,२९९ बहुउल्लेखित इंग्रजी लेखनांच्या एका तुलनेत (२०१८), विषयानुसार, एकूण उल्लेखांपैकी ९३ ते ९६ टक्के गूगल स्कॉलरमध्ये, ३५ ते ७७ टक्के स्कोपसमध्ये व २७ ते ७३ टक्के वेब ऑफ सायन्समध्ये आढळले. म्हणून उल्लेखसंख्या देताना संग्रहाचे नाव व पाहिल्याची तारीख देणे आवश्यक ठरते.

शोधाच्या रीती : मागचा व पुढचा शोध यांखेरीज दोन अप्रत्यक्ष रीती प्रचलित आहेत. दोन निबंधांच्या संदर्भयाद्यांत समान नोंदी असतील तर त्यांचे विषय जवळचे असावेत, हे तत्त्व एम. एम. केसलर यांनी १९६३ मध्ये मांडले. ते नव्या, अद्याप उल्लेख न झालेल्या निबंधांनाही लागू पडते. याउलट, दोन जुन्या निबंधांचा उल्लेख पुढील लेखक वारंवार एकत्र करीत असतील तर त्यांच्यात नाते मानावे, ही सहोल्लेखाची कल्पना हेन्री स्मॉल व इरिना मार्शाकोवा यांनी १९७३ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे सुचवली. पहिले नाते निबंध प्रसिद्ध होताच स्थिर होते, दुसरे वाचकांच्या बदलत्या दृष्टीबरोबर बदलत राहते. विषयाची परिभाषा बदललेली असते किंवा एकच कल्पना दोन विद्याशाखांत वेगळ्या नावांनी वावरते, तेथे शब्दांवरून केलेला शोध अपुरा पडतो आणि या रीतींचे मोल कळते. मात्र त्या आरंभीच्या निबंधावर विसंबून असल्याने एकमेकांचा उल्लेख न करणारे संशोधकगट त्यांतून निसटतात. म्हणून काटेकोर आढाव्यासाठी शब्दशोध व उल्लेखशोध दोन्ही करतात.

मूल्यमापन : नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना, मागील दोन वर्षांत त्यात आलेल्या लेखनाला चालू वर्षात मिळालेल्या उल्लेखांना त्या दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागतात. अंशस्थानी संपादकीये व पत्रव्यवहार यांना मिळालेले उल्लेखही येतात, छेदस्थानी मात्र फक्त संशोधननिबंध व आढावालेख मोजले जातात. त्यामुळे वर्गीकरणातील लहान बदलानेही आकडा हलतो. याहून गंभीर दोष असा की, उल्लेखांची वाटणी अत्यंत विषम असते. थोड्या निबंधांना बहुतांश उल्लेख मिळतात, म्हणून नियतकालिकाच्या सरासरीवरून त्यातील एखाद्या निबंधाविषयी काहीही सांगता येत नाही. भौतिकीतज्ज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक व्यक्तीसाठी आहे : प्रत्येकी किमान एच उल्लेख मिळालेले एच निबंध असणे, ही त्याची व्याख्या. तो वयाबरोबर वाढतो, कधीही घटत नाही आणि विद्याशाखांतील उल्लेखप्रथांचा फरक लक्षात घेत नाही.

मुळात उल्लेख म्हणजे वापर. गुणवत्तेशी त्याचा संबंध असू शकतो, पण तो गृहीत धरता येत नाही. प्रथिनांचे मापन करण्याच्या पद्धतीवरील ऑलिव्हर लोरी व सहकाऱ्यांचा १९५१ मधील निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखिला गेला आहे, तो ती पद्धत प्रयोगशाळांत रोज लागत असे म्हणून. याच्या उलट उदाहरण १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाच वाक्यांच्या पत्राचे आहे. रुग्णालयात अफूजन्य औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची केवळ चार प्रकरणे आढळली, असे त्यात म्हटले होते. २०१७ मध्ये या पत्राच्या ६०८ उल्लेखांची छाननी झाली, तेव्हा ७२.२ टक्के लेखकांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरल्याचे आणि सुमारे ८१ टक्के लेखकांनी ते रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांपुरते होते हे सांगितलेच नसल्याचे दिसले. स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २००९ मध्ये एका स्नायुविकाराविषयीच्या २४२ निबंधांचे उल्लेखजाळे तपासून, विरोधी निष्कर्ष वगळत आणि आढावालेखांचा परस्पर आधार देत एक गृहीतक कसे सिद्ध तथ्य बनत गेले हे दाखवले. हे दोन्ही दोष उल्लेख मोजून नव्हे, तर उल्लेख करणारी वाक्ये वाचून सापडले, आणि ती वाक्ये कोठे आहेत हे संदर्भोल्लेख संग्रहांमुळेच कळले. म्हणून निबंध पारखताना त्याचा उल्लेख कोणत्या संदर्भात झाला, समर्थनासाठी की खंडनासाठी, स्वतःच्याच गटाकडून किती वेळा झाला आणि निबंध मागे घेतला गेला आहे काय, हे पाहणे संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे. मागे घेतलेल्या निबंधांचा उल्लेख पुढेही होत राहतो, हे अनेकदा आढळले आहे. अशा निबंधांचा रिट्रॅक्शन वॉच हा संग्रह २०२३ पासून क्रॉसरेफमार्फत सर्वांना खुला आहे.

नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाचे मोल ठरवू नये, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचे मुख्य सूत्र होय. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने संख्यात्मक निर्देशक तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक असावेत, त्याची जागा त्यांनी घेऊ नये, असे सांगितले.

मर्यादा व खुले संग्रह : मानव्यविद्यांत ग्रंथ हे प्रकाशनाचे मुख्य माध्यम असल्याने निवडक संग्रहांतील त्यांचे चित्र अपुरे आहे, इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील संशोधनाचीही तीच स्थिती आहे. संदर्भयाद्या हा व्यापारी मालमत्तेचा विषय असू नये, या भूमिकेतून २०१७ मध्ये खुल्या संदर्भोल्लेखांची मोहीम सुरू झाली आणि मोठ्या प्रकाशकांनी हळूहळू आपल्या याद्या क्रॉसरेफद्वारे मोकळ्या केल्या. एल्सव्हियरने हे २०२१ मध्ये केले. त्याच वर्षाअखेरीस मायक्रोसॉफ्ट ॲकॅडेमिक हा संग्रह बंद पडल्यावर त्याच्या माहितीच्या पायावर ओपनॲलेक्स २०२२ च्या आरंभी उभा राहिला. पॅरिस येथील सॉरबॉन विद्यापीठाने २०२४ पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी थांबवून ओपनॲलेक्सकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला.