हाडाला हवं खडबडीत, हिरडीला गुळगुळीत

गुळगुळीत काँक्रीटवर प्लास्टर धरत नाही, म्हणून गवंडी आधी त्यावर टाचे मारून घेतो. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात त्या इम्प्लांटवरही असेच टाचे मारलेले असतात, फक्त ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. टायटॅनियमचा तो छोटा स्क्रू निस्तेज, राखाडी दिसतो, एवढंच. आधी त्यावर बारीक कणांचा जोरदार मारा करतात आणि मग त्याला आम्लात बुडवतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर 20 ते 40 मायक्रॉन रुंदीचे खळगे दिसतात आणि त्या खळग्यांच्या आत 2 ते 4 मायक्रॉनच्या खाचा. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा.

सुरुवातीला हे काही नव्हतं. स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क 1952 साली सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेचना, हाड तिला घट्ट चिकटलं होतं. पुढे 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसले. ते लेथवर कातलेले, त्या मानाने गुळगुळीत होते आणि कित्येकांचे अनेक दशकं टिकले. फक्त धीर धरावा लागे: खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा. खडबडीत पृष्ठभागामुळे हा काळ बऱ्याच रुग्णांत सहा ते आठ आठवड्यांवर आला.

हे होतं कसं? इम्प्लांट बसवताच त्याच्याभोवती रक्ताची गुठळी तयार होते. तिच्यातले फायब्रिनचे धागे धरून हाड घडवणाऱ्या पेशी इम्प्लांटकडे सरकतात, आणि सरकताना ते धागे ओढतात. पृष्ठभाग गुळगुळीत असला तर धागे सुटून येतात, वाटच तुटते. मग नवं हाड जुन्या हाडाच्या कडेपासून हळूहळू इम्प्लांटपर्यंत वाढत यावं लागतं. खाचांमध्ये धागे अडकून राहिले, तर पेशी थेट टायटॅनियमवर पोचतात आणि तिथूनच हाड घालायला लागतात. मग जितकं खडबडीत तितकं चांगलं का? नाही. सरासरी 1 ते 2 मायक्रॉन उंच-सखल असा मध्यम खडबडीतपणा हाडाला सर्वांत मानवतो, असं आज मानलं जातं.

खरी पंचाईत हिरडीपाशी आहे. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीतले तंतू आडवे रुतलेले असतात, तंबूचे दोर खुंट्यांना बांधावेत तसे. इम्प्लांटमध्ये रुतायला जागाच नाही, म्हणून ते त्याच्या बाजूने समांतर जातात किंवा गळपट्टीसारखा वेढा घालतात. ही सीलबंदी कच्ची असते. बरं, जिवाणू असतात जेमतेम मायक्रॉनभर. हाडासाठी कोरलेली खाच त्यांना आयती खोली! ब्रशचा केस तिथे पोचत नाही, लाळही त्यांना धुऊन नेत नाही. म्हणून हिरडीतून बाहेर येणारा भाग गुळगुळीत ठेवतात. खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या खाली नेला, तरी कीटण त्याहून फारसं कमी होत नाही, असं प्रयोगांत दिसलं. त्यामुळे आरशासारखी चकाकी आणण्याचा हट्ट मला तरी अनाठायी वाटतो.

खडबडीत भाग हाडात पूर्ण गाडलेला असेपर्यंत सगळं ठीक चालतं. पण कीटण साचून हिरडी सुजली, सूज हाडापर्यंत उतरली की हाड झिजतं आणि वरचे आटे उघडे पडतात. यालाच पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. जिवाणूंना आता राहायला ऐसपैस जागा मिळते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत इम्प्लांटभोवती दोरा बांधून मुद्दाम आजार घडवला, मग दोरा काढून टाकला. तरीही हाडाची झीज चालूच राहिली, आणि खडबडीत इम्प्लांटभोवती ती जास्त झाली. माणसांत चित्र इतकं सरळ नाही. तिथे धूम्रपान, मधुमेह, पूर्वीचा हिरड्यांचा आजार आणि रोजची सफाई यांचं पारडं पृष्ठभागापेक्षा जड ठरतं. शिवाय हा आजार बहुधा दुखत नाही. ब्रशला लागलेलं रक्त हीच पहिली खूण असते आणि तेव्हा फक्त हिरडी सुजलेली असेल, तर नीट सफाईने ती पूर्ववत होऊ शकते.

म्हणून काही इम्प्लांट आता दुरंगी बनवतात: वरचे एक-दोन मिलिमीटर कातलेले, खाली खडबडीत. आणि आटे उघडे पडलेच, तर काही वेळा दंतवैद्य हिरडी उघडून बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, फिरवतो आणि कारखान्यात मुद्दाम मारलेले ते टाचे घासून सपाट करून टाकतो.